एमिल ग्रिफिथ: बारावा राउंड आणि बाकीचे सगळे

प्रश्न थोडक्यात असा आहे: बॉक्सर एमिल ग्रिफिथने 1962 साली वेल्टरवेट (147 पौंडांपर्यंतचा वजनगट) विश्वविजेतेपदाच्या झुंजीत बेनी पॅरेटला शिवीच्या रागात जीव जाईपर्यंत मारलं, हे खरं का? आणि ती एक झुंज बाजूला ठेवली तर ग्रिफिथ मोठा बॉक्सर ठरतो का?

दुसऱ्या भागाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी देतो. ठरतो, आणि चांगलाच मोठा ठरतो. वेल्टरवेटचं जगज्जेतेपद तीन वेळा, त्याच्या वरच्या मिडलवेटचं (160 पौंड) दोन वेळा. 1958 ते 1977 एवढा काळ व्यावसायिक रिंगमध्ये, 85 विजय, 24 पराभव, 2 बरोबरी. पराभवांचा आकडा पाहून नाक मुरडू नका. त्यातले बरेच शेवटच्या वर्षांतले आहेत, जेव्हा पाय जड झाले होते आणि तरी तो लढत होता. शंभराच्या वर झुंजींत त्याला वेळेआधी हरवणारे दोघेच: 1963 मध्ये रुबिन 'हरिकेन' कार्टर आणि 1971 मध्ये कार्लोस मॉन्झोन. दोघेही मिडलवेट, म्हणजे त्याच्या मूळ वजनाच्या वरचे.

पहिल्या भागाला वेळ लागेल. मी हौशी बॉक्सिंगमध्ये आधी कोचिंग केलं आणि मग बरीच वर्षं रेफरी-जज म्हणून काम केलं. त्यामुळे ही झुंज मला ग्रिफिथपेक्षा रेफरीच्या जागेवरून जास्त दिसते. माझं मत असं: पॅरेटचा जीव त्या शिवीने गेला नाही. आधीच्या वर्षभराच्या झुंजींत त्याची तयारी होत आली होती, आणि त्या रात्री ते थांबवू शकणारी माणसं रिंगच्या आत आणि बाहेर हजर होती.

ग्रिफिथचा जन्म 1938 चा, कॅरिबियन समुद्रातल्या अमेरिकन व्हर्जिन बेटांपैकी सेंट थॉमसचा. किशोरवयात न्यूयॉर्कला आला आणि बायकांच्या टोप्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागला. मालक हॉवी अल्बर्ट स्वतः तरुणपणी हौशी बॉक्सिंग केलेला. एका उकाड्याच्या दिवशी पोराने शर्ट काढून काम करायची परवानगी मागितली. अल्बर्टने ते रुंद खांदे आणि बारीक कंबर पाहिली आणि त्याला थेट गिल क्लॅन्सी या कोचकडे नेऊन उभं केलं. पोराला बॉक्सिंगचं वेड नव्हतं. त्याला टोप्यांचे नमुने करायला आवडायचे आणि पुढे विजेता झाल्यावरही तो त्याबद्दल अभिमानाने बोलायचा. पण हातात पैसा आला की आईला आणि भावंडांना सांभाळता येईल, हे त्याला लवकर कळलं. 1958 मध्ये त्याने न्यूयॉर्कची गोल्डन ग्लोव्ह्ज ही हौशी स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी व्यावसायिक झाला.

क्लॅन्सी पेशाने शिक्षक होता आणि ते ग्रिफिथच्या बॉक्सिंगमध्ये दिसतं. वेल्टरवेटची मर्यादा 147 पौंड, म्हणजे साधारण 66.7 किलो. या वजनात नुसत्या ताकदीवर फार काळ टिकता येत नाही आणि नुसत्या पायांवरही नाही. ग्रिफिथकडे एका ठोशात माणूस झोपवणारा हात नव्हता. 85 विजयांत नॉकआऊट 23 च. त्याचं काम वेगळं होतं. जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) टाकत अंतर कमी करायचं, डोकं समोरच्याच्या खांद्याला लावायचं आणि आत शिरून छोटे ठोसे जोडत राहायचं: बरगडीवर दोन, वर एक, पुन्हा बरगडीवर. रेफरीने 'ब्रेक' म्हटलं की बाहेर यायचं आणि पुन्हा तेच. 15 राउंडच्या झुंजीत दहाव्या राउंडनंतर हा हिशेब समोरच्याच्या अंगावर येतो. प्रेक्षकांना यात फारशी मजा येत नाही. जजला मात्र पाहताच कळतं की राउंड कुणाचा.

आता पॅरेट. बेनी 'किड' पॅरेट क्यूबाचा, ग्रिफिथपेक्षा वर्षभराने मोठा. 1960 मध्ये डॉन जॉर्डनला हरवून वेल्टरवेट विजेता झाला. त्याची ख्याती मार खाण्याची होती: कितीही लागलं तरी हा उभाच. बॉक्सिंगमध्ये या गुणाचं कौतुक होतं आणि याच गुणाने माणसं वाया जातात. 1 एप्रिल 1961 ला मायामी बीचवर ग्रिफिथने त्याला तेराव्या राउंडमध्ये नॉकआऊट केलं आणि किताब घेतला. 30 सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये दुसरी झुंज झाली. 15 राउंड, आणि जजांच्या दुभंगलेल्या निकालावर (दोन मतं एकाला, एक दुसऱ्याला) पॅरेटने किताब परत मिळवला. जिंकला, पण मार त्यानेही भरपूर खाल्ला. मग 9 डिसेंबरला त्याला वरच्या वजनात, 160 पौंडांत, जीन फुलमरसमोर उतरवलं गेलं. फुलमर म्हणजे नुसता दणकट गडी. त्याने पॅरेटला दहाव्या राउंडमध्ये खाली पाडलं ते पॅरेट पुन्हा उठू शकला नाही, आणि त्याआधीचे राउंडही बघवत नाहीत असे होते. त्यानंतर साडेतीन महिन्यांत, 24 मार्च 1962 ला, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ग्रिफिथशी तिसरी झुंज.

वर्षभराच्या आत चार झुंजी, 50 राउंड, त्यात शेवटच्या झुंजीआधीच दोनदा नॉकआऊट. हौशी बॉक्सिंगमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेला एक नियम आहे: डोक्यावर मार बसून नॉकआऊट झाला की किमान 30 दिवस रिंग बंद, तीन महिन्यांत पुन्हा झाला तर 90 दिवस, वर्षात तिसऱ्यांदा झाला तर वर्षभर. हा नियम पॅरेटला लावून बघा. दोन नॉकआऊटमध्ये आठ महिन्यांचं अंतर, दुसऱ्यानंतर 105 दिवस गेलेले. म्हणजे आमच्या कागदावरसुद्धा तो 24 मार्चला लढायला पात्र ठरतो! कागद नॉकआऊट मोजतो. उभ्याने खाल्लेले, जिंकलेल्या झुंजीत खाल्लेले, सरावात खाल्लेले ठोसे कुठल्याच पुस्तकात लिहिले जात नाहीत. ते फक्त कोचला आणि मॅनेजरला माहीत असतात. म्हणून माझ्या लेखी पहिली जबाबदारी त्यांची, ज्यांनी ही तारीख स्वीकारली.

वजनाच्या वेळचा प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी वजन करताना पॅरेटने ग्रिफिथच्या अंगाला मागून घाणेरडा स्पर्श केला आणि समलिंगी पुरुषांना देतात ती स्पॅनिश शिवी त्याला दिली. ग्रिफिथला ती कळली. तो तिथेच मारायला निघाला होता, क्लॅन्सीने आवरलं. हा नुसता टोमणा असता तर विषय वेगळा होता. पण ग्रिफिथ पुरुषांच्या सहवासात रमतो ही कुजबुज बॉक्सिंगच्या वर्तुळात होतीच, आणि 1962 च्या न्यूयॉर्कमध्ये असं उघड होणं म्हणजे धंदा आणि इज्जत दोन्ही जाणं. वृत्तपत्रांनीही तो शब्द गुळमुळीत करून छापला.

तेव्हा राग होता का? होता. पण झुंज पहिल्यापासून पाहा. रागाने आंधळा झालेला माणूस पहिल्या दोन राउंडमध्ये दम घालवून बसतो. ग्रिफिथ तसा लढलेला नाही. तो नेहमीसारखाच जॅबमागून आत शिरतो, राउंड जिंकत जातो. सहाव्यात तर उलटंच घडतं: पॅरेट त्याला खाली पाडतो, ग्रिफिथ कसाबसा उठतो आणि घंटेने वाचतो. त्यानंतर कॉर्नरमध्ये क्लॅन्सीने त्याला खडसावलं: आत शिरलास की पॅरेट मिठी मारेपर्यंत किंवा रेफरी सोडवेपर्यंत हात थांबवायचे नाहीत. कुठलाही कोच हेच सांगेल. मीही सांगितलं आहे. यात गैर काही नाही, कारण या सूचनेत एक गृहीत असतं: सोडवणारा रेफरी आपलं काम करणार आहे.

बाराव्या राउंडमध्ये पॅरेट कॉर्नरमध्ये अडकला. इथे एक गोष्ट समजून घ्या, टीव्हीवर पाहणाऱ्याला ती सहसा जाणवत नाही. बॉक्सरसाठी खाली पडणं हे संरक्षण आहे. पडला की ठोसे थांबतात, समोरचा दूर जातो, काउंट सुरू होतो आणि रेफरीला डोळ्यांत बघायला दहा सेकंद मिळतात. पॅरेट पडूच शकला नाही. कॉर्नरचा खांब आणि दोर त्याला उभं धरून होते. हात खाली, डोकं दोराबाहेर जाऊ लागलेलं. ग्रिफिथ उजव्या हाताने अपरकट (खालून वर) आणि हूक (बाजूने वळवून) मारत राहिला. असे ठोसे डोकं गर्रकन फिरवतात. मेंदू कवटीच्या आत हलतो, त्याच्यावरच्या बारीक शिरा ताणून फाटतात आणि रक्त साठून मेंदूवर दाब येतो. आधीच्या झुंजींच्या जखमा भरल्या नसतील तर हे फार लवकर घडतं.

रेफरी होते रूबी गोल्डस्टीन. कच्चा माणूस नव्हे. स्वतः बॉक्सर होते, मोठमोठ्या झुंजी त्यांनी सांभाळल्या होत्या. 1952 च्या जूनमध्ये यांकी स्टेडियममध्ये शुगर रे रॉबिन्सन आणि जोई मॅक्सिम यांच्या झुंजीत ते उकाड्याने कोसळले होते आणि मधेच दुसरा रेफरी आणावा लागला होता. म्हणजे अंगात त्राण असेपर्यंत काम सोडणाऱ्यांतले नक्कीच नव्हते. त्या रात्री ते त्या काही सेकंदांत मधे पडले नाहीत. नंतर त्यांनी सांगितलं की पॅरेट लागल्याचं सोंग करतो आणि मग अचानक उसळतो, ही त्याची सवय होती. हे खोटं नाही. पॅरेट तसं करायचा. रेफरीसाठी असा बॉक्सर सर्वांत धोक्याचा. ओळखीचा माणूस आहे म्हणून रेफरी एक ठोसा जास्त वाट बघतो.

पण म्हणूनच आम्ही नव्या रेफरींना शिकवतो की समोरच्याचं नाव विसरा, हात बघा. हात वर येत नाहीत, उत्तराला ठोसा येत नाही, डोकं हलत नाही: तिन्ही एकत्र दिसलं की मधे घुसा. सोंग असेल तर त्याने शिक्षा भोगावी, झुंज गेली तर जाऊ दे. शिवाय आमच्याकडे, हौशी बॉक्सिंगमध्ये, उभ्या माणसालाही आठपर्यंत मोजता येतं, ही मोठीच सोय आहे. गोल्डस्टीनला राज्याच्या चौकशीत दोषमुक्त ठरवलं गेलं. मला तो निकाल पटतो आणि पटतही नाही. चूक होती, पण ती एकट्याची नव्हती. पॅरेटच्या कॉर्नरमध्ये टॉवेल होता, तो रिंगमध्ये फेकला की हार मान्य आणि झुंज थांबते. रिंगजवळ डॉक्टर होता. कुणीच हललं नाही.

पॅरेट शुद्धीवर आला नाही. डोक्यावर शस्त्रक्रिया झाली आणि 3 एप्रिलला तो गेला. वय 25. मागे बायको आणि दोन वर्षांचा मुलगा. बायको तेव्हा पुन्हा गरोदर होती. ग्रिफिथ हॉस्पिटलमध्ये गेला होता, त्याला भेटू दिलं नाही. त्याला शिव्याशापांची पत्रं आली आणि स्वप्नांत पॅरेट येत राहिला, हे त्याने म्हातारपणीही सांगितलं.

ही झुंज एबीसी या टीव्ही वाहिनीवरून अमेरिकाभर दिसली होती आणि ते शेवटचे ठोसे लगेच संथ गतीने पुन्हा दाखवले गेले. लोकांनी घरात बसून माणूस मरताना पाहिला. न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी चौकशी नेमली, बॉक्सिंगवर बंदी घाला अशी मागणी झाली. आठवड्याच्या झुंजीचा तो टीव्ही कार्यक्रम 1964 मध्ये बंद पडला. प्रेक्षकसंख्या आधीच घसरत होती, या रात्रीने उरलीसुरली इच्छाही गेली.

आणि वर्षभराने पुन्हा तेच. 21 मार्च 1963 ला लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये ग्रिफिथ लुईस रॉड्रिगेझकडून किताब हरला. त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये फेदरवेट विजेता डेव्ही मूर शुगर रामोसशी लढताना खालच्या दोरावर मान आपटून पडला आणि पुढे मेला. दोरांची रचना सुधारायची चर्चा त्यानंतर खऱ्या अर्थाने सुरू झाली. 15 चे 12 राउंड व्हायला सुरुवात होण्यासाठी मात्र 1982 पर्यंत थांबावं लागलं, दक्षिण कोरियाचा किम ड्यूक-कू रे मॅन्सिनीशी चौदाव्या राउंडपर्यंत लढून मेला तेव्हा. बॉक्सिंगमधले सुरक्षेचे नियम पुष्कळदा असेच आलेत, कुणीतरी मेल्यावर.

ग्रिफिथ बॉक्सर म्हणून किती मोठा, याचा खरा पुरावा इथून पुढचा आहे. पॅरेटच्या मृत्यूनंतर साडेतीन महिन्यांतच, जुलैमध्ये, त्याने राल्फ डूपासविरुद्ध किताब राखला. पण त्याने स्वतः सांगितलं की त्यानंतर कुणाला जोरात मारायची त्याला भीती वाटायची, हात आखडता राहायचा. हे त्याच्या झुंजींत दिसतं. समोरचा डळमळला की तो पूर्वीसारखा झडप घालत नाही. राउंड जिंकून बाजूला होतो. ज्या माणसाने संपवायची इच्छा सोडली, त्याने पुढची दहा वर्षं जगातल्या पहिल्या फळीच्या बॉक्सर्सशी 15-15 राउंड खेळून गुणांवर जिंकणं हे किती कठीण आहे, ते ज्याने तीन राउंड खेळले असतील त्यालाही कळेल.

रॉड्रिगेझशी त्याच्या चार झुंजी झाल्या, चारही गुणांवर. तीन ग्रिफिथने जिंकल्या, त्यातल्या दोन दुभंगलेल्या निकालावर. क्यूबाचा हा रॉड्रिगेझ पायांनी इतका हुशार की कुठल्याही दुसऱ्या काळात दशकभर विजेता राहिला असता. 1964 साली 'द रिंग' मासिकाने ग्रिफिथला वर्षातला सर्वोत्तम बॉक्सर ठरवलं. 1966 मध्ये नायजेरियाच्या डिक टायगरकडून त्याने मिडलवेटचा किताब घेतला. मग इटलीच्या निनो बेन्वेनुटीशी तीन झुंजी: 1967 च्या एप्रिलमध्ये हरला, सप्टेंबरमध्ये शे स्टेडियममध्ये जिंकला, 1968 च्या मार्चमध्ये पुन्हा हरला. तिन्ही 15 राउंडच्या. इटलीत लोक रात्रभर जागून रेडिओला कान लावून बसले होते. या तीन झुंजींतून दोघांची जन्मभराची मैत्री झाली. ग्रिफिथ बेन्वेनुटीच्या मुलाचा धर्मपिता झाला आणि म्हातारपणी बेन्वेनुटी त्याच्या मदतीला उभा राहिला.

1969 मध्ये तो पुन्हा 147 पौंडांवर उतरला आणि होसे नापोलेसकडून हरला. एवढ्या वर्षांनी वजन उतरवणं अंगाशी आलं असं माझं मत. नापोलेस तसाही हरवायला अवघडच होता. 1973 मध्ये, 35 व्या वर्षी, मोनॅकोत मॉन्झोनशी दुसऱ्यांदा लढला आणि गुणांवर थोडक्यात हरला. तिथे थांबायला हवं होतं. तो 1977 पर्यंत खेळला, आणि त्या शेवटच्या चार वर्षांची किंमत त्याच्या मेंदूने चुकवली.

नंतर त्याने न्यू जर्सीत बालगुन्हेगारांच्या सुधारगृहात रक्षकाची नोकरी केली, विल्फ्रेड बेनिटेझसारख्यांना शिकवलं, डेन्मार्कच्या ऑलिम्पिक संघाचाही कोच होता. सुधारगृहातल्याच एका मुलाला त्याने दत्तक घेतलं आणि अखेरच्या आजारपणात त्याची सेवा त्याच मुलाने केली. 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या बस स्थानकाजवळच्या समलिंगींच्या बारमधून बाहेर पडताना काही जणांनी त्याला इतकं मारलं की तो मरता मरता वाचला आणि काही महिने हॉस्पिटलमध्ये होता. पुढे त्याने आपल्याला पुरुष आणि स्त्रिया दोन्ही आवडत असल्याचं मान्य केलं, पण कुठलंही लेबल लावून घ्यायला तयार नव्हता. माणूस मारला तर जग मला माफ करतं, पण पुरुषावर प्रेम केलं तर ते अक्षम्य पाप, अशा अर्थाचं त्याचं वाक्य आज खूप ठिकाणी दिसतं. 2012 मध्ये प्वेर्तो रिकोच्या ऑर्लांडो क्रुझने खेळत असतानाच आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं, तेव्हा व्यावसायिक बॉक्सिंगमधला तो पहिलाच होता. ग्रिफिथच्या पहिल्या किताबापासून तोवर अर्धशतक उलटलं होतं.

पॅरेटचा मुलगा मोठा झाल्यावर एका माहितीपटाच्या निमित्ताने ग्रिफिथला भेटला. मनात राग नाही असं त्याने सांगितलं आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. ग्रिफिथची स्मृती तेव्हाच ढळू लागली होती. 23 जुलै 2013 ला न्यूयॉर्कजवळच्या हेम्पस्टेडमध्ये तो गेला.

पाहायला सुरुवात करणाऱ्यांसाठी: जुन्या चित्रफिती इंटरनेटवर मिळतात. बाराव्या राउंडचा तुकडा सगळ्यात आधी समोर येईल, तो आधी पाहू नका. पहिली बेन्वेनुटी झुंज घ्या. दुसऱ्या राउंडमध्ये ग्रिफिथ खाली पडतो, चौथ्यात बेन्वेनुटी. मग 1973 ची मॉन्झोनविरुद्धची, त्यात पस्तिशीचा ग्रिफिथ लांब हातांच्या विजेत्याला आत शिरून कसा अडकवतो ते बघा. शेवटी पॅरेटची तिसरी झुंज, आणि ती पहिल्या घंटेपासून पाहा, म्हणजे सहावा राउंड चुकणार नाही. कोचिंग करत असाल तर दोन राउंडमधल्या मिनिटात नजर ग्रिफिथवर नको, पॅरेटच्या कॉर्नरवर ठेवा.